सावडीचा एक दिवस

गावासाठी काहीतरी करावं अशी खाज माणसाला उपजत नसते. ती परगावी गेल्यावर लागते. मला मुंबईत लागली.

मराठी सातवी पास झालो आणि बंदरावरच्या एका कौलांच्या वखारीत कामाला राहिलो. दक्षिणेकडून गलबतं भरून मंगलोरी कौलं यायची. ती उतरवून घ्यायची, तडकलेली बाजूला काढायची, चांगली रचायची, हे काम मी सात वर्षं केलं. कौल बोटाने वाजवलं की भाजणी पक्की आहे की कच्ची, हे मला डोळे मिटून सांगता यायचं. राहायला एका खोलीत आम्ही चौदा जण, सगळे मावळातले. झोपायचो पाळीपाळीने, कारण चौदा जण एकदम आडवे होतील एवढी ती खोलीच नव्हती. सगळ्यांचं रडगाणं एकच: घरी खाचर आहे, पण त्यातलं भात शिमग्याच्या पुढे जात नाही, म्हणून घाट उतरलो. मग मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ आली आणि आठवड्याभरात चौदाचे नऊ झालो. गेलेल्या पाचांत माझा मामेभाऊ होता. त्याला खांदा द्यायला आम्ही चौघेच, आणि चौघांच्याही अंगात ताप.

स्मशानातून परत येताना मी बोलून गेलो, की गावातल्या माणसाला पोटासाठी घाट उतरावा लागू नये एवढं तरी आपण करू. प्रतिज्ञा वगैरे नव्हती. रडता रडता माणूस काहीबाही बोलतो, तसं बोललो होतो. बाकीचे आपलं बोलणं विसरले. मी विसरलो नाही, आणि तिथेच घोळ झाला.

आमचं गाव लोणावळ्यापासून पायी अडीच तासांवर, डोंगराच्या कुशीत. घरं कारवीच्या कुडाची आणि वरून गवताचं छप्पर. मी परतलो त्याच चैत्रात एका चुलीतली ठिणगी वाऱ्यावर गेली आणि जेवायची वेळ व्हायच्या आत अकरा घरं जळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी, राख अजून धुमसत असताना, अख्खं गाव विळे घेऊन डोंगरावर गेलं. ज्यांची घरं शाबूत होती तेसुद्धा. गवत कापलं, वासे तोडले, कारवी आणली, आणि रोहिणी नक्षत्र लागायच्या आत अकराही घरं पुन्हा उभी केली. कुणी कुणाला मजुरी विचारली नाही की दिली नाही. मी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं, हातांनी केलंसुद्धा. पण मला त्यात माणसं दिसली नाहीत, गवत दिसलं. पुढच्या चैत्रात हे पुन्हा पेटणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आमच्या ओढ्याकाठी चिकण माती होती. गावचा कुंभार तिचे माठ घडवायचा. त्या मातीचं एक गाठोडं बांधून मी मुंबईला नेलं आणि वखारीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रीला दाखवलं. त्याने चिमूटभर माती जिभेवर ठेवली, थुंकला आणि म्हणाला, "भाजेल." त्या एका शब्दावर मी एक खाचर विकलं आणि बंद पडलेल्या कारखान्यातलं कौलं दाबायचं जुनं यंत्र विकत घेतलं. आमच्या घराण्यात जमीन विकणारा मी पहिला. वडील तेव्हा हयात नव्हते, हे माझं नशीब.

आता यंत्र स्टेशनवरून गावात आणायचं कसं आणि भट्टी बांधायची कुणी? माझ्याजवळ दमडी उरली नव्हती. तेव्हा मी शेजारच्या मावशीकडे गेलो.

ही नात्याने माझी कुणी नव्हे. अख्खं गाव तिला मावशी म्हणायचं. तरुणपणीच नवरा गेलेला, पदरात एक मुलगा, दोन खाचरं. पण गावची सावड तिच्या हातात होती. सावड म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं, एवढे दिवस बदलले आहेत. आषाढात भाताची आवणी, म्हणजे लावणी, एकेकट्याने होत नाही. रोप चार दिवसांत चिखलात गेलं पाहिजे. म्हणून आज सगळ्यांनी माझ्या खाचरात उतरायचं, उद्या सगळ्यांनी तुझ्या. तू मला एक दिवस दिलास, मी तुला एक दिवस देणार. पाटलाचा दिवस आणि विधवेचा दिवस सारखाच. गडी दांडगा असो की म्हातारी कंबरेत वाकलेली असो, दिवस म्हणजे दिवस. कोणत्या घराचा कोणाकडे दिवस अडकला आहे, हे मावशीला तोंडपाठ असायचं. तिला अक्षरओळख नव्हती, पण तीन वर्षांपूर्वी बाळंतपणामुळे कुणाचा दिवस राहिला तेही ती सांगायची.

मी माझा बेत सांगितला. तिने तो निम्मा ऐकला.

"म्हंजी छपराला आग लागायची न्हाई?" तिने विचारलं.

"नाही लागायची."

"आन पोरांनी म्हमईला जायाचं न्हाई?"

"नाही. आठ महिने भट्टी, चार महिने शेती. सगळे इथेच."

तिचा मुलगा तेव्हा विशी-बाविशीचा होता आणि मुंबईला जायचं म्हणून घरात रोज भांडत होता. तिने पदर खोचला आणि म्हणाली, "मंग सावड घालू. आवनीला तू फेड."

माघ-फाल्गुनात चाळीस माणसं लोटली, पाळीपाळीने, माणशी एक दिवस. यंत्राच्या गाडीला चार बैलजोड्या जुंपल्या आणि चढणीवर बैल बसले तेव्हा माणसांनी दोर ओढले. भट्टी बांधली, कौलं वाळवायचा मांडव घातला, ओढ्यापासून चर खणला. बायका डोक्यावरून दगड वाहताना भलरी म्हणत होत्या. खाचरातलं गाणं भट्टीला लावलं होतं आणि त्यात माझ्या नावाने टवाळी घातली होती, की ह्याने रान विकून लोखंड आणलं, आता लोखंडाला पेंड घाला. मीही हसलो होतो. गाव करी ते राव न करी ही म्हण मी त्या दहा-बारा दिवसांत शंभरदा ऐकली. तिचा अर्थ मात्र मला फार उशिरा कळला.

आषाढ आला. मला चाळीस दिवस फेडायचे होते. वीस माझे, वीस माझ्या बायकोचे.

नेमकं तेव्हाच लोणावळ्यात एका मुंबईकर शेठजींच्या बंगल्याचं काम चाललं होतं आणि त्यांना कौलांचा नमुना दाखवायला मला रोज खेटे घालावे लागत होते. पण सगळा दोष त्या बंगल्याच्या माथी मारणं खोटेपणाचं होईल. खरी गोष्ट अशी की मुंबईत मी वाचनालयात जायचो, वर्तमानपत्रं वाचायचो, मजुरांच्या सभा ऐकायचो. माणसाला फुकट राबवणं हे पाप आहे, हे माझ्या मनात पक्कं बसलं होतं. वेठ आणि सावड यांतला फरक माझ्या गावच्या शेंबड्या पोराला ठाऊक होता, मला नव्हता. मी शिकलेला होतो ना! पहिल्या मागणीची आगाऊ रक्कम हातात पडली, ती घेऊन मी मारुतीच्या पारावर बसलो आणि भट्टीला आलेल्या प्रत्येकाला बोलावून त्याची मजुरी हातावर ठेवली. चांगली ठेवली. लोणावळ्यात मिळायची त्याहून जास्त.

मला वाटलं होतं, लोक खूश होतील. एका आबांनी नाणी उलटीपालटी करून पाहिली.

"ह्ये कशाचं रं?"

"तुमच्या कष्टाचं, आबा. मला फुकट नको कुणाचं."

"फुकाट कुटं व्हतं?" ते म्हणाले. मग मूठ मिटून, "म्हंजी तू यनार न्हाईस म्हन की आवनीला."

मी म्हणालो, माझ्या एकट्याच्या येण्याने काय होणार आहे, या पैशांत तुम्ही माझ्यापेक्षा चांगले दोन गडी लावाल. हे बोलताना मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. त्यांनी पैसे कनवटीला लावले आणि ते उठून गेले. गरिबाच्या घरात पैसा कोण नाकारणार? सगळ्यांनी घेतले.

मावशीने नाही घेतले. ती सर्वांत शेवटी आली, माझ्या तळहातावरच्या नाण्यांकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

"दीस दिसानं फिटतो," ती म्हणाली. "माजा ऱ्हाऊंदे तुज्याकडं. कवातरी यशील."

मला तिचा राग आला. म्हातारी हट्टी आहे, हिला नवं काही कळत नाही, असं मी घरी येऊन बायकोला सांगितलं. बायकोने नुसतं चुलीत लाकूड सारलं. ती तेव्हाही शहाणी होती.

मग वीसेक वर्षं भट्टी चालली, आणि झकास चालली. हे मी खोटं सांगणार नाही. लोणावळ्या-खंडाळ्यात बंगले उठत होते आणि आमचं कौल दक्षिणेच्या कौलाच्या तोडीस तोड होतं. साच्यात मी गावाचं नाव कोरून घेतलं होतं. प्रत्येक कौलाच्या पोटावर ते उमटायचं. तीस-पस्तीस माणसं कामाला होती. गावातल्यांना कौलं मी पडत्या भावात दिली, आणि पाचव्या वर्षापर्यंत एकही घर गवताचं राहिलं नाही. मुंबईला गेलेले दोघे गिरणी सोडून परत आले, तेव्हा मी त्यांना आणायला स्वतः स्टेशनवर गेलो होतो. लोक मला शेठ म्हणायला लागले. मी म्हणालो, मला शेठ म्हणू नका. एकदाच म्हणालो.

मावशीचा मुलगा तर माझा उजवा हात झाला. यंत्राच्या दांड्यावर त्याच्यासारखा गडी नव्हता; त्याच्या हातचं कौल कधी वाकडं निघालं नाही. साहजिकच मी त्याला जास्त मजुरी द्यायचो. चिखल तुडवणाऱ्याला त्याहून कमी, वाहणाऱ्या बायकांना त्याहून कमी. जगात सगळीकडे असंच असतं. आणि मागणी वाढली तेव्हा मी पावसाळ्यातही मांडवाखाली कौलं दाबायचं काम चालू ठेवलं. ती पावसाळ्यात वाळत नाहीत, निम्मी वाया जातात, तरी ठेवलं. आठ महिने भट्टी, चार महिने शेती, हे माझंच बोलणं मी गिळलं.

एका आषाढात मावशी भर पावसात इरलं घेऊन मांडवाच्या दाराशी आली. मुलाला म्हणाली, "चल. त्या आबाच्या खाचरात आज आपला दीस फेडायचाय. समदी उतरल्याती."

तो दांडा सोडेना. म्हणाला, "आई, माज्या एका दिसात आबाचं तीन दीस बसत्यात. त्यो आपल्याकडं चिखलात हात घालून गेला, आन मी हितं यंत्र सोडून जाऊ? त्याला पैसं धाडून दे."

"दिसाला दीस आसतो रं."

"आता न्हाई ऱ्हायला. शेठना इचार."

तिने मला काही विचारलं नाही. नुसतं बघितलं. मी तिथेच उभा होतो, माझ्या हातात कौल होतं आणि मी ते बोटाने वाजवत बसलो. त्या वेळी मी "जा रे, आज यंत्र बंद" एवढं म्हणालो असतो तर? लोणावळ्याचा माल दोन दिवस उशिरा गेला असता, दुसरं काही नाही. आज हे लिहितानाही माझा संताप होतो, आणि तो काढायला समोर दुसरं कुणी नाही.

मावशी एकटी परत गेली. स्वतःचा दिवस आधीच देऊन झाला होता तिचा. मुलाचा दिवसही तिनेच दुसऱ्या दिवशी वाकून भरला.

त्यानंतर सावड मोडायला फार वर्षं लागली नाहीत. ज्याच्या दिवसाला जास्त भाव तो येईना. तो येत नाही म्हणून ज्याचा भाव कमी तोही येईना. चैत्रातलं शाकारणीचं काम तर कौलांमुळे मुळातच संपलं होतं. पूर्वी वर्षातून एकदा तरी भांडलेली घरंसुद्धा एकमेकांच्या छपरावर चढायची, कारण गवत एकट्याला चढवता येत नाही. आता चढायचं कारणच उरलं नाही. माझ्या घरातही तेच. बायको आवणीला निघाली, तेव्हा मी तिला दारात अडवलं. म्हणालो, शेठची बायको लोकांच्या चिखलात बरी दिसत नाही.

"मंग आपल्या खाचरात कोन यील?" तिने विचारलं.

"मजूर लावू."

"लावा," ती म्हणाली आणि इरलं पुन्हा खुंटीला अडकवलं. ते मग कधी निघालंच नाही, तिथेच वाळवी लागून गेलं.

पुढे दुसरी लढाई सुरू झाली. बंगल्यांची कामं थंडावली आणि भट्टीचं कसं होणार या काळजीत मी असतानाच देहूरोडला लष्कराचे डेपो उठायला लागले. एका ठेकेदाराचा माणूस आमच्या भट्टीवर आला. त्याला बराकींवर घालायला कौलं हवी होती, आणि आम्ही वर्षात भाजायचो तेवढी दोन महिन्यांत हवी होती. मी देवापुढे नारळ फोडला. दोन महिने भट्टी विझली नाही. आमच्या गावचं नाव पोटावर घेऊन वॅगनी भरभरून कौलं देहूरोडला गेली, आणि ती बसवून द्यायला मीच माझी दहा माणसं पाठवली. दहाही चांगली, निवडून काढलेली. म्होरक्या मावशीचा मुलगा.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दहांतला एकही परत कामावर आला नाही.

मावशीचा मुलगा हिशेब चुकवायला म्हणून एकदा आला. अंगात खाकी सदरा, पायात बूट. डेपोत कायमची नोकरी लागली होती. पगार, रेशन, आजारी पडलं तर डॉक्टर, राहायला खोली. मी आधी समजावलं, मग आवाज चढवला. म्हणालो, तुला मी घडवलं, सगळं शिकवलं, गावात ठेवलं, ह्याची काही जाण?

तो शांत होता. त्याला माझी कीव येत असावी.

"शेठ, तुमी दिसाला पैसं दिलं, मी दीस दिला. त्येंनी जास्ती दिलं, मी तितं ग्येलो. ह्यात इमानाची गोष्ट कुटं आली?" आणि जाता जाता, अगदी सहज, "तुमी काय माजी सावड करीत व्हता व्हय?"

त्याचं एक अक्षर चुकीचं नव्हतं. माझ्याच शाळेत शिकून तो पहिल्या नंबराने पास झाला होता.

दहांच्या मागे आणखी वीस गेले. आधी गडी गेले, मग खोल्या मिळाल्या तशी बायकापोरं गेली. घाट उतरून नाही गेले, एवढंच. उलट्या दिशेला गेले. भट्टीला लाकूड मिळेना, सगळं लष्कराकडे जायचं. एक हंगाम मी आणि कुंभाराने मिळून कसाबसा काढला. मग यंत्राला गंज चढला आणि भंगारवाल्याने ते नेलं. आणून बसवताना चार बैलजोड्या आणि चाळीस माणसं लागली होती. नेताना एक ट्रक आला आणि दोन अनोळखी हमाल. मी आणि बायको ओट्यावर उभे राहून बघत होतो. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि धुपाटणंही भंगारवाला घेऊन गेला.

मी पुन्हा शेतकरी झालो, म्हणजे उरलेल्या एका खाचराचा मालक झालो. मजूर लावू असं मी ऐटीत म्हणालो होतो. आता लावायला पैसे नव्हते आणि असते तरी माणूस नव्हता. पहिली दोन वर्षं आम्ही नवरा-बायको मिळून जमेल तेवढं लावलं. तिसऱ्या वर्षी तिला संधिवाताने धरलं. राबातलं, म्हणजे पालापाचोळा जाळून भाजलेल्या वाफ्यातलं, रोप वीतभराचं झालं, मग हातभर झालं, पिवळं पडायला लागलं. पाऊस धो धो कोसळत होता आणि खाचर पाण्याने भरून नुसतं पडलं होतं.

एका सकाळी मी डोक्यावर पोतं घेऊन सावड मागायला निघालो. पहिल्या घराला कुलूप. दुसऱ्याला कुलूप. तिसऱ्या घरात ते आबा खाटेवर पडून होते. त्यांनी मला ओळखलं नाही. पुढच्या तीन घरांना कुलूप. सगळी घरं कौलारू, नीटनेटकी, एकाचंही छप्पर कुठे खचलेलं नाही. मी त्या रस्त्यावरून चालत होतो आणि पागोळ्यांच्या आवाजाखेरीज दुसरा आवाज नव्हता. मुंबईच्या खोलीत चौदांचे नऊ झाले तेव्हाही मला एवढी भीती वाटली नव्हती.

शेवटी मावशीच्या दारात गेलो. ती चुलीपुढे बसली होती. दिसायला जवळजवळ बंद झालेलं, पण पावलांवरून ओळखलं.

"कोन, तू? ये. भिजलास?"

मी बसलो. डोक्यावरचं पोतं काढून ठेवलं आणि विचारलं, "मावशी, माझी आवणी राहिली आहे. कुणाला सांगू? कुणाचा दिवस अडकला आहे माझ्याकडे, माझा कुणाकडे?"

तिने डोळे मिटले. अजूनही सगळं तिच्या डोक्यात होतं. ओठ हलवत ती घरामागून घर मोजत गेली, कुलूप लागलेली घरंसुद्धा.

"तुजा कुनाकडंच न्हाई," ती म्हणाली. "तू समद्यांचं पैसं देऊन मोकळा झालास न्हवं?"

मी मान खाली घातली. खरं सांगायचं तर मी मागायला आलो होतो, द्यायला नव्हे. पण तिच्यापुढे रिकाम्या हाताने बसवेना. म्हणालो, "तुझा एक दिवस आहे की माझ्याकडे."

"हाय." तिने लगेच उत्तर दिलं, जणू कालचीच गोष्ट. "भट्टीचा."

"तो आज फेडतो. तुझ्या खाचरात उतरतो. एकटा उतरतो, संध्याकाळपर्यंत जेवढं होईल तेवढं लावतो." मी उभासुद्धा राहिलो. बोलता बोलता माझ्या अंगात खरंच बळ आलं होतं. पंचवीस वर्षांनी का होईना, एक तरी गोष्ट सरळ होईल असं वाटलं.

ती हसली नाही, रागावली नाही.

"काय लावशील, बाबा? राब भाजलाच न्हाई औंदा. रोपच टाकलं न्हाई. पोरगा म्हनला, रेशन आनून टाकतो, कशापायी राबतीस?"

"मग दुसरं काही सांग. लाकडं फोडतो. पाणी भरतो."

"लाकडं फोडून सावड फिटती व्हय?" ती म्हणाली. "ऱ्हाऊंदे. बस. च्या टाकते."

मी बसलो. तिने चाचपडत जाळ सारला, आधण ठेवलं. बाहेर पावसाने एकदम जोर धरला, इतका की जवळ बसून एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. ती तोंड वर करून जरा वेळ ऐकत राहिली. मग माझ्याकडे वाकून, मला बरं वाटावं म्हणून, मोठ्याने म्हणाली, "छप्पर मातूर झ्याक दिलंस बरं का तू! यक थेंब गळत न्हाई."

मी वर पाहिलं. खरंच गळत नव्हतं. कौलांच्या पोटावर ओळीने गावाचं नाव छापलेलं दिसत होतं, आणि ते वाचणारं त्या आळीत माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.